बाराच्या आत पाठवायचं पत्र

मेहुण्याने दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात राउटरची वायर लोंबत होती. सगळं काढून परत लावून झालं होतं, म्हणाला. ब्राउझर काही केल्या जोडला जात नव्हता.

ताई आत आली आणि सरळ टेबलाशी जाऊन बसली. दोन गल्ल्या पलीकडे तिचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. शिकवणीला ती कधी गेली नव्हती. लोकांची बिघडलेली यंत्रं उघडत उघडत शिकली. गिऱ्हाइकांना सांगायची, नव्वद टक्के दुखणी बंद-चालू केल्यावर जातात, उरलेली दहा टक्के मालकाच्या बोटांत असतात. आज तिला थट्टा सुचत नव्हती.

संगणक तिच्या धाकट्या बहिणीचा होता, आणि धाकटी चार महिन्यांपासून बेपत्ता होती.

मेहुण्याने, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याने, फोनवरच सगळं सांगितलं होतं. काल संध्याकाळी धाकटीचे विणकामाचे नमुने चाळताना त्याला संगणकात तिचं पत्र सापडलं. आज सकाळी पोलीस निरीक्षकांना कळवलं तर ते म्हणाले, फोटो नको. मूळ फाइल त्याच संगणकावरून दुपारी बाराच्या आत मेल करा. ती तिच्या मर्जीने गेली असेल, तर शोध आजच थांबवू.

अकरा वाजून गेले होते. ताईने राउटर बंद केला आणि त्याला दोन मिनिटं गप्प बसू द्या म्हणाली.

“तोवर वाचून घ्या,” मेहुण्याने फाइल उघडून दिली.

चारच ओळी होत्या. मी माझ्या मर्जीने जाते आहे. मला शोधू नका. ताई, आईला सांभाळ. मी सुखात असेन.

ताईने त्या चार ओळी चारदा वाचल्या. धाकटी इतकं मोजून कधी बोलली नव्हती. दुधाचा निरोप द्यायलाही तिला अर्धा तास लागायचा. पण घर सोडून निघालेलं माणूस नेहमीसारखं थोडंच बोलणार, असं ताईने स्वतःला सांगितलं आणि पदराने डोळे पुसले.

मेहुण्याने वाकून फाइलची माहिती दाखवली. बारा फेब्रुवारी, सकाळी दहा वाजून चौदा मिनिटं. धाकटी गेली तोच दिवस. तो नऊलाच ऑफिसात पोचला होता. एक तास उशिरा निघालो असतो तर अडवली असती, असं काहीतरी तो पुटपुटला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार महिने त्या मायलेकींनी याच माणसाकडे बोट दाखवलं होतं. आई तर चौकीत जाऊन जावयाच्या तोंडावर बोलून आली होती.

“आम्ही तुमच्याबद्दल नको नको ते मनात आणलं,” ती म्हणाली. “मोठ्या मनाने सोडून द्या.”

“तुमच्या जागी मीही तेच केलं असतं, ताई.”

तिने तिथूनच आईला फोन लावला आणि पत्र वाचून दाखवलं. आईने एकच विचारलं.

“म्हणजे आहे ना ती? कुठेतरी आहे ना?”

“आहे, आई.”

मग आई रडली. रडता रडता विचारलं, जाताना गरम कपडे नेलेत का बयेने. शेवटी म्हणाली, पोलिसांना सांग, आता तिच्या मागे लागू नका. राग निवला की येईल आपली आपण. फोन ठेवताना आईचा आवाज दहा वर्षांनी लहान झाला होता.

राउटरचे दिवे हिरवे झाले. ब्राउझर मात्र हटून बसला: सुरक्षित जोडणी होऊ शकली नाही. ताईने वायर बदलली. स्वतःच्या मोबाइलचं नेट जोडून पाहिलं. पुन्हा तेच. मग तिने संगणकावरचा, नेटवर चालणारा रेडिओ लावला, तर तो ठणठणीत गाऊ लागला. मेहुणा दचकला. तिने घाईघाईने तो बंद केला. म्हणजे नेट घरात होतं, यंत्रातही येत होतं. कुठलीही साइट या ब्राउझरला दारात उभं करत नव्हती, एवढंच.

मेहुणा येरझाऱ्या घालत होता. काहीही करा पण तेवढं जाऊ द्या, असं तिसऱ्यांदा म्हणाला.

“जाईल हो,” ताई म्हणाली. आता तिलाही ते जायला हवं होतं. रोज सकाळी आईचं चौकीत जाऊन बाकावर बसणं तिला थांबवायचं होतं.

आणि एकदम तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तारीख! ज्या यंत्राची तारीख चुकलेली असते, त्याच्यावर साइट विश्वास ठेवत नाहीत. आतली बटणाएवढी बॅटरी संपली की असं होतं. तारीख भलत्याच जुन्या वर्षात जाऊन बसते, वेळही चुकते. नवी बॅटरी तिच्या पिशवीतच होती. एवढ्याशा कारणासाठी आपण अर्धा तास घालवला, या विचाराने ती चार महिन्यांत पहिल्यांदा हसली.

पडद्यावरची खालची, घड्याळाची पट्टी लपवून ठेवायची धाकटीची सवय. ताईने बाण पडद्याच्या तळाशी नेला. पट्टी हळूच वर आली.

कोपऱ्यात अकरा चव्वेचाळीस झाले होते, भिंतीवरच्या घड्याळाशी मिनिटाला मिनिट जुळणारे. त्याखाली तारीख होती, याच वर्षाची बारा फेब्रुवारी.

पत्र लिहून दीड तास झाला होता.