भेटीचे बूट

अशीरगडाच्या चढावर देवराम मध्येच थांबला होता. पाठीवरचा साहेबाच्या अंघोळीचा पत्र्याचा टब त्यानं कड्याला टेकवला होता आणि टाचेनं टाच दाबत तो पायातले नवे बूट काढू पाहत होता. टब छातीशी दोरानं आवळलेला, त्यामुळे त्याला वाकता येत नव्हतं.

"काय करतू रे?" मागून लोटू मुकादम वर आला.

"दादा, दगड कळत नाही याच्यात. खिळे सरकतात." देवरामनं एक बूट काढलाच. "पाय ठेवतो इकडे, जातो तिकडे."

लोटूच्याही पायात तसलेच बूट होते. देवराम खरं बोलतोय हे त्याला ठाऊक होतं. कार्तिकातली सकाळ, दगडांवरचं शेवाळ अजून ओलं. दापोरा-जसोंडीकडचे हे आठही हमाल ही वाट शंभरदा अनवाणी, बोटांनी दगड धरत चढलेले. पण बूट मडमबाईनं दिले होते. साहेबाच्या बायकोनं स्वतः इतवाऱ्याच्या बाजारात जाऊन, प्रत्येकाच्या पायाचं माप कागदावर काढून, ते चांभाराकडून शिवून घेतले होते. तळाला खिळे ठोकायलाही तिनंच सांगितलं. तिच्या मुलखात डोंगर चढणारे तसेच घालतात म्हणे. काल वाटताना तिचे डोळे भरून आले होते. आवडले का, असं तिनं विचारलं, तेव्हा आठ जणांच्या वतीनं लोटूच बोलला होता, "बहुत बढिया, मेमसाब."

आता खालच्या वळणावर तिची डोली दिसत होती. डोलीच्या बाजूनं कचेरीतले कारकून दिगंबरराव, छत्री सावरत.

"बाई येऊन राह्यली. घाल ते."

"दादा..."

"तिचं मन मोडतू का? वरच्या दरवाजापर्यंत घाल. मंग गळ्यात टांग, मी काही म्हननार नाही."

देवरामनं निमूट पाय पुढे केला. लोटूनं गुडघ्यावर बसून त्याला बूट चढवला, नाडी आवळली आणि त्याच्या पोटरीवर थाप मारली. "चल."

देवराम वीसेक पावलं चढला असेल. लोखंड दगडावर घासल्याचा आवाज आला, बारीक, पाटीवर लेखणी ओढावी तसा. लोटूनं वर पाहिलं तेव्हा देवरामचे दोन्ही हात हवेत होते. टबाच्या वजनानं त्याला वाटेच्या कडेवरून बाहेर ओढलं.  टब कड्यावर आपटत, घणघणत, त्याच्यासकट खालच्या खैरांपर्यंत गेला.

लोटूनं आपले बूट काढून भिरकावले आणि तो अनवाणी उतार उतरला. हात, गुडघे, जे टेकेल ते टेकत. देवराम टबावर उताणा पडला होता. मान भलत्याच बाजूला वळलेली. छातीवरचा दोर अजून तसाच घट्ट. लोटूनं त्याच्या नाकाशी तळहात धरला. बाकीचे सहा जण उतरून आले, त्यांनी दोर कापला, तरी लोटूनं हात काढला नाही.

त्याला उचलून वाटेवर आणलं तोवर मडमबाई डोलीतून उतरली होती. तिनं टोपी काढली, धुळीत गुडघे टेकले आणि देवरामच्या कपाळावरचं रक्त आपल्या रुमालानं पुसलं. ती खरंच रडत होती. लोटूला वाटलं, हिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती दिगंबररावांशी इंग्रजीत काहीतरी बोलली.

"बाई म्हणतात," दिगंबरराव म्हणाले, "याला हे बूट फार आवडले होते. ते काढून घेऊ नका. पायात तसेच असू द्या, चितेवरही. त्यांच्याकडून शेवटची भेट."

हमालांनी एकमेकांकडे पाहिलं. मेल्या माणसाच्या अंगावर चामडं, आणि तेही अग्नी देताना!  सगळे लोटूकडे बघू लागले.

"बाबूजी, बाईले सांगा," लोटू म्हणाला. "त्याले नव्हते आवडले. कोनालेच नव्हते आवडले. काल मी खोटं बोललो. आज तो काढत होता, मी घालाले लावले, माह्या हातानं. त्याची घरवाली, कोकिळा, मले विचारंल कसा पडला, तं मी काय सांगू तिले? त्याले आमी आमच्या रीतीनं जाळू. बूट नाही राहनार. सांगा तिले. सगळं सांगा."

दिगंबररावांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. मग मडमबाईकडे वळून ते दोन-तीनच शब्द बोलले.

बाईनं मान डोलावली. ओल्या डोळ्यांनी लोटूकडे पाहिलं आणि त्याच्या दंडावर हात ठेवला.

लोटूला इंग्रजी येत नव्हतं. पण आपण किती बोललो ते त्याला ठाऊक होतं.

"काय सांगितलं, बाबूजी?"

"आभार मानतो, असं." दिगंबरराव खाली बघत होते. "दुसरं काय सांगणार? जीव लावून दिलेत रे त्यांनी. आणि तुला उद्याही याच वाटेवर ओझं वाहायचंय."

लोटूनं बाईचा हात दंडावरून हळूच बाजूला केला. तो देवरामच्या पायांशी बसला. तिच्यादेखत त्यानं एक बूट ओढून काढला, मग दुसरा, आणि दोन्ही तिच्या झग्यापुढे नीट जोडीनं ठेवले.

"लोटू!" दिगंबरराव ओरडले.

मडमबाई काही विचारायला वळली. तेवढ्यात तिची नजर देवरामच्या उघड्या पायांवर गेली. दहाही बोटं आत वळलेली होती, दगड धरून ठेवावा तशी.