डबा रिकामा हवा

मुलांनो, कल्पना करा: 'थांबा' लिहिलेली पाटी धरून तुम्ही शर्यतीच्या गाडीपुढे उभे आहात. आत तुमचे बाबा आहेत. पाटी उचलली की गाडी सुटणार.

कोल्हापूरची केतकी अशीच उभी होती. बाबा पहिले होते, पाच फेऱ्या उरल्या होत्या आणि मध्येच थांबवलेल्या गाडीची चारही चाकं बदलून झाली होती. पण तिचं लक्ष पायाशी ठेवलेल्या डब्याकडे होतं. आजोबांनी गॅरेजात टीम काढली, तेव्हा पहिल्याच शर्यतीत एक नट लावायचा राहून त्यांचं चाक निखळलं होतं. तेव्हापासूनचा नियम: चाकं बदलताना त्यांचे वीस नट मोजून डब्यात ठेवायचे आणि डबा रिकामा झाल्याशिवाय पाटी उचलायची नाही.

"सोड की गं," मेकॅनिक जिनूकाका म्हणाले.

"काका, डब्यात एक नट राहिलाय."

"बाकीचे घट्ट हायत. एकानं काय होतंय? बापाला हरवतीस काय?"

दुसरी गाडी सुसाट पुढे गेली. बाबांनी दारावर हात आपटला.

केतकीनं पाटी हलवली नाही. तिनं तो नट उचलून बाबांच्या काचेसमोर धरला. बाबांनी मान डोलावून स्टिअरिंगवरचे हात काढले. मग केतकीनं तो नट आणि पाना काकांच्या हातात दिला.