शेवटचा चौकोन

ज्ञ नाही, हे ज्ञानदेवला कळलं तेव्हा त्याची बायको सुलक्षणा जाऊन सात महिने झाले होते आणि लेकीची लग्नपत्रिका चार वाजता छपाईला जायची होती.

कॉम्प्युटरवर सगळी पत्रिका सुलक्षणाच्या अक्षरात तयार होती. फक्त निमंत्रक म्हणून स्वतःचं नाव टाइप केलं, की पहिल्या अक्षराच्या जागी रिकामा चौकोन येत होता.

दौंडात त्याचं पत्रिका आणि फ्लेक्सचं दुकान. कॉम्प्युटरमध्ये तीनशे फाँट, वापरात तीनच. एक लग्नाला, एक दशक्रियेला, एक वाढदिवसाच्या फ्लेक्सला. कुठंही चालेल असा एक फाँट त्याला हवा होता. तो घरातच होता. मिठाच्या बरणीवर, गॅसच्या पुस्तकावर, डब्यातल्या चिठ्ठीवर. सुलक्षणाचं अक्षर साधं होतं आणि लांबून वाचता यायचं. आजारपणात त्यानं तिच्यापुढं चौकोनांचा कागद ठेवला. एका चौकोनात एक अक्षर. तिनं तीन दुपारी बसून तो भरला. ती गेल्यावर प्रांजलनं, त्यांच्या लेकीनं, त्याचा फाँट केला. त्यातलं पहिलं काम तिच्याच लग्नाचं. आमंत्रण आईच्या अक्षरात जाणार, हे बापलेकीनं ठरवलं होतं.

त्यानं मूळ कागद काढला. शेवटची ओळ. ह, ळ, क्ष. पुढचा चौकोन कोरा. दमली असेल. एकच अक्षर उरलं होतं आणि आपण बघितलंसुद्धा नाही.

त्यानं प्रांजलला फोन लावला.

"पप्पा, मी दुसऱ्या अक्षरांचे तुकडे जुळवून ज्ञ करून देते की. दहा मिनिटांचं काम हाय. कुणाला कळणार?"

"मला कळंल."

साडेतीन वाजता कुशाबाई आल्या. सुलक्षणाची आई. गावात वाटायच्या पत्रिका न्यायला वडगाव रासाईहून मुक्कामालाच आल्या होत्या. पिशवीभर वांगी त्यांनी टेबलावर ठेवली.

"तोंड का उतरलंय जावईबापू?"

"मामी, तिचं एक अक्षर राहिलं. दमली आसंल."

"कंचं?"

"माझ्या नावाचं पहिलं."

कुशाबाईंनी कागद हातात घेतला. कोऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. त्यांचे खांदे हलायला लागले. ज्ञानदेवनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तर त्या हसत होत्या.

"दमलीबिमली न्हाई. मालकाचं नाव सुलीनं कवा तोंडातनं काढलंय? मग हातानं लिवंल व्हय? रेशनकार्डाला साह्यबानं नवऱ्याचं नाव इचारलं, तर हिनं भितीवरल्या ज्ञानेश्वर माउलीच्या फोटूकडं बोट केलं. मी हुते की संगं."

रेशनकार्डावर ज्ञानदेवचं नाव वीस वर्षं ज्ञानेश्वर होतं. वीस वर्षं तो त्या कारकुनाला शिव्या देत होता.

आता त्यालाही हसू आवरेना. दोघं इतकी हसली, की शेजारचा चपलांच्या दुकानाचा मालक डोकावून गेला.

"मग माझ्या माघारी मला म्हणायची तरी काय, मामी?"

"काय म्हणायची म्हंजी? प्रांजलचे पप्पा जेवले का, प्रांजलचे पप्पा आले का. दुसरं काय."

ज्ञानदेवनं खुर्ची पुढं ओढली आणि स्वतःचं नाव पुसलं. नवीन नाव टाइप केलं. एकही चौकोन रिकामा आला नाही.

पत्रिका चार वाजता छपाईला गेली. खाली सुलक्षणाच्या अक्षरात होतं, निमंत्रक: प्रांजलचे पप्पा.

लग्न होऊन आता दीड वर्ष झालं. लोक दुकानात येतात आणि म्हणतात, त्या पत्रिकेतलं अक्षर टाका. तो टाकतो. लग्नाला, दशक्रियेला, कुरकुंभच्या कंपन्यांच्या पाट्यांनासुद्धा. ज्ञ आला, तर तेवढा दुसऱ्या फाँटमधून घेतो.

काम दहा मिनिटांचं आहे. ज्ञ अजून केलेला नाही.