तांब्याभर पाणी

"पाळकसाहेब अजून चाळीसगावलाच आहेत," युवराज म्हणाला. "तिथली उपासना आत्ता संपली. निघाले तरी तास लागेल."

डॉक्टरांनी अर्ध्या तासाचीही खात्री दिली नव्हती. काचेच्या पेटीत युवराजची काल जन्मलेली पोर तोंडानं श्वास ओढत होती. तिची आई भाविका खालच्या मजल्यावर, अजून शुद्धीत नव्हती. आणि सुनंदाबाई, पोरीची आजी, पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी. नात जाणार तर जाणार, पण बिनबाप्तिस्म्याची जाणार, हेच तिच्या काळजाला घरं पाडत होतं.

तिनं फोन ओढूनच घेतला. "साहेब, काही बी करा, पन या!"

"बाई, थांबू नका. पाणी घ्या आणि तुम्हीच बाप्तिस्मा द्या."

"मी? मी काय पाद्री शे का?"

"जीव जात असेल तेव्हा पाद्री लागत नाही. कुणीही देऊ शकतं. पहिल्यापासून तसंच आहे."

पाचोऱ्याच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या कुंडात तीस वर्षं सुनंदाबाईच पाणी भरत आली, तीच ते घासत आली. पण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? झाडणारीला असलं कोण सांगतं!

"मंग मनी कोकिळा?" ती पुटपुटली.

कोकिळा तिची पहिली लेक. एकतीस वर्षांपूर्वी तीन दिवसांची होऊन गेली. त्या दिवशी सुनंदाबाई पाण्याचा तांब्या मांडीत धरून तिन्हीसांजेपर्यंत पाद्र्याची वाट बघत बसली होती. घरात पाणी होतं, ती होती, नवरा होता. दोघांचेही बाप्तिस्मे झालेले. बाप्तिस्मा नाही म्हणून जाणत्या मंडळींनी पोरीला कबरस्तानच्या कुंपणाबाहेर पुरलं. तेही तिनं मुकाट सोसलं.

"माय, तूच कर," युवराज रडकुंडीलाच आला.

नर्सनं उकळून गार केलेलं पाणी स्टीलच्या वाटीत आणलं. "थेंबभरच हं, आजी." पेटीची खिडकी उघडली.

"नाव सांग ना रे भो, लवकर!" सुनंदाबाई युवराजला म्हणाली.

"ऋतिका. भाविकानं ठरवलंय."

सुनंदाबाईनं बोटं बुडवली. कुंडाशी उभं राहून शेकडो वेळा ऐकलेले शब्द तोंडात आपसूक आले. "ऋतिका, मी तुझा बाप्तिस्मा करते. पित्याच्या," एक थेंब. "पुत्राच्या," दुसरा. "आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. आमेन."

तिसऱ्या थेंबाला पोरीनं कपाळ आक्रसलं. श्वास चालूच होता, तसाच, तुटत तुटत. नर्सनं खिडकी लावली.

युवराजनं चालूच असलेला फोन तिच्या कानाशी धरला. "झालं का, बाई?"

"झालं."

"देवाचे आभार माना. अगदी वेळेवर झालं."

सुनंदाबाई वाटीकडे बघत राहिली. वाटी भरलेलीच होती. तीन थेंब ते काय!

"साहेब, पानी उरेल शे," ती म्हणाली. "बाप्तिस्मा उशिरा दिधा तर चालस का?"

"किती उशिरा?"

"एकतीस वरीस."

पलीकडून गाडीचा हॉर्न ऐकू आला. सुनंदाबाईनं वाटी पदरानं झाकली आणि कबरस्तानच्या कुंपणाकडे जायला ती जिन्याकडे निघाली.