बारा भेटी

"बारा भेटी म्हणजे बारा," मरियमबीने मुलाला बजावलं. "अकरावर थांबले तर त्या पोरीचं सर्टिफिकेट बुडेल. यल्ला, गाडी काढ!"

यहया चावी शोधू लागला. तुझा गुडघा दुखतोय तर आज राहू दे, एवढंच तो म्हणाला होता.

ही सगळी फुजैराच्या बलदियातल्या, म्हणजे नगरपालिकेतल्या, साहेबांची करणी. एक तरुण, एक वडीलधारं अशा जोड्या लावायच्या. एकाने मेंटर व्हायचं, दुसऱ्याचा हात धरायचा. साहेबांनी शाळाशाळांना पत्रं धाडली, जोड्यांना बसचे पास दिले आणि यादीत पहिलं नाव स्वतःच्या म्हाताऱ्या आईचं घातलं.

यहयाने फॉर्म आणला तेव्हा मरियमबीने तो वाचला नाही. बत्तीस वर्षं आखातात काढलेली बाई कागद वाचत बसत नाही. आधी नवरा, मग मुलगा बोट ठेवील तिथे सही करते.

"मेंटर म्हणजे उस्तादच ना रे?" तिने विचारलं होतं.

"हो अम्मी, तसंच," म्हणून यहयाने फोनमध्ये डोकं घातलं होतं.

जोडीला आली शेजारच्या बिल्डिंगमधली उमैमा. सोळा वर्षांची, मूळची रायगडकडची. पोरगी भारी लाजाळू! पहिल्या शनिवारी दाराबाहेरूनच दोन शब्द बोलून गेली. दुसऱ्या शनिवारी आत आली, पण पाणीसुद्धा नको म्हणाली. मरियमबीला कणव आली. हिला माणसांत आणायचं तर आपल्यालाच कंबर कसायला हवी, असं तिने ठरवलं.

नवरा कमरुद्दीन गेल्यापासून खालच्या दुकानातली कोथिंबीरही यहयाच आणायचा. पण चौथ्या भेटीला उमैमा म्हणाली, "आंटी, टीच मी ना, कोथिंबीर कुठली घ्यायची?" मग काय, मरियमबी जिना उतरली. सातव्या भेटीला दोघी बसने मासळी बाजारात गेल्या.

"कल्ले उचलून बघ. लाल आहेत ना?"

"आंटी, इट्स लुकिंग ॲट मी!"

"बघू दे की. मेलेल्या सुरमईला काय घाबरतेस, बये!"

"भाभी, बहोत दिन बाद!" मासळीवाला म्हणाला. मरियमबी एवढी हसली की डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन तिने दोन घरांपुरतं कालवण केलं.

बारावी भेट बलदियाच्या हॉलमध्ये होती. साहेब एकेका मेंटरला पदक देत होते. काय बोलायचं ते मरियमबीने पाठ करून ठेवलं होतं. पोर गुणी आहे, थोडा धीर द्यावा लागला, बस्स.

"जोडी क्रमांक नऊ, मेंटर!" पुकारा झाला.

मरियमबी ओढणी सावरून उठली. यहयाने हळूच तिचा हात धरला.

"अम्मी, तू बस."

स्टेजवर उमैमा चढली होती. साहेबांनी तिच्या गळ्यात पदक घातलं आणि हे कसं जमलं म्हणून विचारलं. पोरीने माइक घेतला, समोर मरियमबीकडे बघितलं आणि अडखळत का होईना, मराठीत बोलली.

"पहिल्या दिवशी आंटींनी साखळी काढून दारसुद्धा उघडलं नव्हतं."