गठ्ठ्यांमागची काकी

बसा निवांत, एक गोष्ट सांगतो. छोटीशीच आहे, हातातला चहा गार व्हायच्या आत संपेल.

शर्ट शिवायचा कारखाना. कोपऱ्यात चष्मेकाकीचं टेबल. मागे भिंत, बाजूला भिंत, उरलेल्या जागेत शर्टांचे गठ्ठे. प्रत्येक गठ्ठ्यातला एकेक शर्ट काढायचा, उलटा करायचा, आतली शिवण बघायची. हे तिचं काम. गठ्ठे येतात भराभर. दुपारपर्यंत काकी छातीपर्यंत बुडालेली.

फाटकाशी दवाखान्याची गाडी आली होती. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर तपासणारी. बाकी बाया एकेक करून जाऊन आल्या. राहिली काकी. शेवटी नर्सबाईच आत आल्या, काकीचं जुनं कार्ड घेऊन.

"काकी, तीन वर्षांनी परत या म्हटलं होतं. आठ झाली!"

"येते हो, एवढा गठ्ठा झाला की."

"मागच्या खेपेलाही हेच म्हणालात. चारला गाडी निघणार, सांगून ठेवते." आणि त्या गेल्या.

तेवढ्यात सुपरवायझर आला, खांद्यावर नवा गठ्ठा.

"उठू नका हं काकी. तुम्ही उठलात की अख्खी लाइन अडते. दुखतंय का कुठे?"

"नाही."

"आणि एकदा झालीय ना तपासणी? मग घोर कसला?"

काकीनं हातातला शर्ट उलटा केला. काखेत बोटभर शिवण सुटलेली. तिनं तो त्याच्या नाकासमोर धरला.

"ह्याला कुठे दुखत होतं? वरून बघा, कसा नवरदेवासारखा दिसतोय. आणि काल एक गठ्ठा तपासला, म्हणून आजचे तसेच सोडू?"

बाया फिसकन हसल्या. तोही हसला.

"जिभेला धार आहे बरं का काकी तुमच्या!" म्हणाला, आणि खांद्यावरचा गठ्ठा तिच्यासमोरच रचून गेला. आता नुसता चष्मा दिसत होता.

माना खाली गेल्या. मशिनं सुरू झाली.

काकी उभी राहिली. कोपरानं गठ्ठा रेटून बघितला. हलेना.

"अगं बायांनो..."

त्या खडखडाटात कुणाला ऐकू जाणार?

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. अजून फाटकातच आहे ती. म्हणून म्हणतो, चहा ठेवा खाली, दोन्ही हात लागतील. तेवढा वरचा गठ्ठा उचला बघू.