पक्का पूल

पूल हलत नव्हता. डॉक्टरांनी चहाचे दोन्ही कप टेबलाच्या कडेला ठेवले, पुलाच्या खांबाला पुन्हा एकदा बोट लावलं. प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा पूल थोडा तरी हलतो. हलायलाच हवा.

"काय केलंत, साडूभाऊ?"

"पक्का केला." थोरल्या साडूंच्या हातात ड्रॉपर होता, टोकाला पांढरा थेंब. "मगाशी इंजिन नेऊन बघितलं तर डगमगत होता. तुम्ही चहाला गेलात तेवढ्यात सांध्यासांध्यात गोंद सोडला. आता हत्ती गेला तरी हलणार नाही."

"कसला गोंद?"

"रुळांखालची खडी चिकटवतो तोच. अर्ध्या तासात धरतो. एकदा धरला की पाण्यालाही दाद देत नाही."

थोरल्या साडूंचा जन्म कारखान्यात लेथ मशीनवर गेलेला. काही सैल दिसलं की त्यांचा हात आपोआप पुढे जायचा. छोट्या रेल्वेगाड्यांच्या स्पर्धेसाठी टेबलावर मांडलेले रूळ, बोगदा, झाडं, सगळं त्यांनी स्वतः केलेलं आणि सगळं चिकटवलेलं. दरीवरचा पूल तेवढा डॉक्टरांनी आपल्या ठोकळ्यांचा बांधून दिला होता, तोही वर्षभर टोमणे खाऊन. "ठोकळे पोरांनी खेळावेत," थोरले म्हणायचे. "आणि गोल फिरून जिथल्या तिथं येणारी गाडी मोठ्यांनी?" असं डॉक्टर, म्हणजे दातांचे डॉक्टर, उलट विचारायचे. पण ठोकळेवाल्यांच्या लेखी गोंद म्हणजे महापाप, हे थोरल्यांच्या गावीही नव्हतं.

डॉक्टरांनी वरची कमान धरली आणि ओढली. थोरल्यांनी त्यांचं मनगट पकडलं.

"अहो, वेड लागलं का? अकराला परीक्षक येतायत!"

"गोंद लावून किती वेळ झाला?"

"वीस मिनिटं. डॉक्टर, दहा मिनिटं थांबा. गाडी एकदा जाऊ दे, मग काय ते काढा."

"दहा मिनिटांनी निघणार नाही."

"मग नवे आणून देतो! बाजारात ढिगाने मिळतात."

भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा कमी होते. हॉलमध्ये बाकीच्या टेबलांवर इतरांच्या गाड्या शिट्ट्या मारत फिरत होत्या. थोरल्यांचं इंजिन पुलाच्या अलीकडे उभं होतं. पितळेच्या पत्र्यातून कापलेलं, कानशीने घासलेलं, एकेक चाक हाताने केलेलं. चार वर्षं लागली होती. पहिल्यांदा चार माणसांसमोर धावणार म्हणून त्यांनी आज इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"हे नवे नाहीत," डॉक्टर म्हणाले. "माझ्या लेकीचे, तुमच्या भाचीचे आहेत. ती सहा वर्षांची होती तेव्हाचे. दर वर्षी येते ना, तेव्हा आम्ही आधीचं सगळं मोडतो आणि याच ठोकळ्यांचं नवं काहीतरी बांधतो. चारच दिवस असते ती. त्यातलं बोलणं जे काय होतं ते हे बांधतानाच होतं. एरवी आम्हाला दोघांना बोलता येत नाही, साडूभाऊ."

"कधी येतेय?"

"गुरुवारी."

थोरले मनगट सोडेनात. त्यांनी इंजिनाकडे पाहिलं, पुलाकडे पाहिलं. पूल नसला तर रूळ दरीच्या काठावरच संपणार होता.

मग त्यांनी हात काढला. इंजिन दोन्ही हातांनी उचललं, फडक्यात गुंडाळलं आणि खोक्यात ठेवून झाकण लावलं. पुलाची पहिली कमान त्यांनीच उपटली.

"बादली आणा," ते खेकसले. "बघत काय उभे राहिलात? ओला आहे तोवरच धुऊन निघेल."

दोघं म्हातारे जमिनीवर बसले. एक सोडवत होता, एक धूत होता. खांब सुटले, कठडे सुटले. बोटं चिकट झाली, नखं दुखायला लागली. शेवटी बादलीबाहेर एकच जोडी उरली, लाल ठोकळ्याला घट्ट बसलेला पिवळा. थोरल्यांनी ओढलं, पिळलं, मग खिशातून पक्कड काढली.

"पक्कड नको! ओरखडे पडतील."

"याला आधीच पडलेत." थोरल्यांनी चष्मा वर करून लाल ठोकळा निरखला. त्याच्या कडेला बारीक खळगे होते, ओळीने चार. "उंदराने कुरतडलाय की काय?"

"तिचे दुधाचे दात," डॉक्टर म्हणाले. "ठोकळा निघाला नाही की दात लावायची. किती ओरडलोय मी तिला त्यावरून."

दारातून परीक्षक आत येत होते. तिघे होते, हातात कागद. ते थेट याच टेबलापाशी येऊन थांबले. त्यांनी तुटलेला रूळ पाहिला, बादली पाहिली, ओल्या बाह्यांचे दोन म्हातारे पाहिले.

"तुमची गाडी कुठाय?"

"लेट आहे," थोरले वर न बघता म्हणाले आणि जोडी डॉक्टरांच्या हातात दिली. "ओढा डॉक्टर, ओढा. गोंद धरत आलाय."

डॉक्टरांची नखं घसरली. पुन्हा घसरली. त्यांनी एकदा परीक्षकांकडे पाहिलं, मग जोडी सरळ तोंडात घातली, लाल ठोकळा दाढेखाली धरला आणि पिवळा चिमटीत पकडून झटका दिला.

कट् आवाज झाला.

डॉक्टरांनी लाल ठोकळा तळहातावर घेतला, शर्टाला पुसला, उजेडात धरला. जुन्या खळग्यांच्या शेजारी आता एक नवा होता, चांगला खोल.

"गेलो कामातून," ते म्हणाले. डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं. "आता गुरुवारी ती मला ओरडणार."